गोगलगायी तुझ्या, माणसं माझी

किसुमू
रविवार, दुपार

प्रिय अपियो,

परवा तुझी रेडिओवरची मुलाखत ऐकली. मुद्दाम नाही. अंडी आणायला गेले होते आणि दुकानात रेडिओ मोठ्यानं लावलेला. दुकानवाली म्हणाली, "अगं बाई, हा तर तुमचाच आवाज!" माझ्या जुळ्या बहिणीचा, म्हटलं. तर तिनं आनंदानं दोन टोमॅटो माझ्या पिशवीत जास्तीचे टाकले. तुझ्या नावचे. घरी येऊन ते चिरताना सुरी जरा जोरातच चालली.

आपली नावं ठेवताना आईला डोकं चालवावं लागलं नाही. आधी आलीस म्हणून तू अपियो, मागे राहिले म्हणून मी अडोंगो. तेव्हापासून तेच चाललंय. विद्यापीठात मात्र आपण एकदा नीट वाटणी केली होती, आठवतं? सरोवरकाठचा हा बिलहार्झियाचा आजार दोघींचा, पण गोगलगायी तुझ्या आणि माणसं माझी. गोगलगायीतून सुटून पाण्यात पोहणारे जंतू तू बघायचे. पोरांची पोटं फुगतात हे दिसत असूनही माणसं त्याच पाण्यात का उतरतात, दिलेल्या गोळ्या का थुंकतात, निवडणूक आली की संडासाच्या भिंती उभ्या राहतात आणि मतं पडली की छप्पर का येत नाही, हे मी बघायचं. मला माझा वाटा मोठा वाटायचा. तुझ्यापेक्षा मोठा, खरं सांगायचं तर.

म्हणून ओबारो गावच्या लोकांनी गोळ्या नाकारल्या आणि तू मला फोन केलास, तेव्हा मी किती खूश झाले होते! ओबारोच्या किनाऱ्यावर बायकांबरोबर ओमेनाची बारीक मासळी वाळत घालण्यात माझी कित्येक वर्षं गेली. माझ्या अंगाचा तो वास लेक अमोंडी लहान होती तेव्हापासून तिच्या ओळखीचा. मनात म्हटलं, घे, आता लागली ना माझी गरज.

सभेत म्हातारा ओगुटु उठला. "डॉक्टरीणबाई, आमच्या पोरांचं रक्त नेलंत. कुठं विकलंत?" मागून कोणीतरी ओरडलं, "तिची नवी गाडी बघा, म्हणजे कळेल!" सगळे हसले. मीही, तोंडावर हात धरून. बोलायचं काय ते मी तयार करून आले होते. उठलेसुद्धा. तेवढ्यात तू सूक्ष्मदर्शक काढलास, उपड्या होडीवर ठेवलास, गोगलगायी ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्याचा थेंब काचेवर घेतलास आणि म्हणालीस, "बाबा, या. आधी तुम्ही बघा."

ओगुटुनं डोळा लावला आणि मागेच सरकला. "अरे देवा, शेपट्या आहेत यांना! हे माझ्या नातवाच्या अंगात शिरतात?" तू हसून म्हणालीस, "तुमच्याही शिरलेत, बाबा. तुम्हाला काय सोडतात?" मग जी गर्दी उडाली! बायका पोरांना कडेवर घेऊन रांगेत. मी उभीच होते. बसायला सांगायलाही कुणाला सवड नव्हती. आणि माझी अजवांग, जिच्याशेजारी मी उन्हात बसून तिच्या सासूच्या सगळ्या कागाळ्या ऐकल्या, ती येऊन सहज म्हणाली, "अडोंगो, तू आपली इतकी वर्षं विचारत राहिलीस. बहिणीनं दाखवलं बघ."

परतताना तू गाडीत गात होतीस. "गप्प का गं?" म्हणालीस. ऊन लागलं, म्हटलं. ऊन कसलं लागतंय! वाटणीतली माणसंही तू एका दुपारात घेऊन गेली होतीस, आणि तुला त्याचा पत्ताही नाही, असं मला वाटत होतं. तेवढाच एक आधार होता.

काल तोही गेला. स्वयंपाकघरात अमोंडी रडताना सापडली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मला न सांगता तिनं तुझ्या प्रयोगशाळेत जागा मागितली होती, आणि तू नाही म्हणालीस. माझी मुलगी, आणि तिला गोगलगायी हव्यात! त्याचा राग यायला मला वेळच मिळाला नाही, कारण पुढं तिनं तुझे शब्द सांगितले. "तुझे गुण उत्तम आहेत गं. पण मी घेतलं नाही असं अडोंगोकडे तुझ्याशिवाय काही उरलेलं नाही. तेवढं मी नेणार नाही." म्हणजे तुला सगळं माहीत होतं. गाडीत गात होतीस तेव्हाही. अपियो, तुझा हेवा करणं मला जमतं, अंगवळणी पडलंय. तू माझी कीव केलेली मला चालणार नाही. माझ्या जळण्याचा भुर्दंड माझ्या पोरीनं का भरायचा? तिला घे. बहिणीची मुलगी म्हणून लाडानं नको, इतरांसारखी राबवून घे. उद्या सकाळी हे पत्र घेऊन ती तुझ्या दारात उभी असेल. उपाशीच निघते, तेवढा चहा आणि काही खायला दे. आज सकाळी तिनं मला विचारलं, "आई, मी मावशीकडे गेले तर तुला वाईट वाटेल ना?" मी म्हटलं, "वाटेल. तू जा."

तुझीच,
अडोंगो