पिवळ्यावर डाग

आई, माझ्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तू दिलेला डाग अजून आहे. मसुराएवढा, गुळगुळीत, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका. मला कावीळ झाली होती आणि पावणे गावातल्या आपल्या घरात तू गॅसवर दाभण लाल होईपर्यंत तापवलंस. मी किंचाळले तेव्हा माझा हात गुडघ्याखाली दाबून धरलास. "रडू नको गो. पिवलं हाय ते, जालल्याबिगर जात नाय." ती कावीळ आपोआप उतरली असती, हे मला पुढे शिकताना कळलं. तुला सांगितलं, तर म्हणालीस, "जगलीस म्हनून बोलतेस."

वाशीला डोळ्यांच्या दवाखान्यात मी डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढायला लागले, तेव्हा एकदा तुझेही काढले. हनुवटी टेकव, कपाळ पुढे घे, पापणी मिटू नकोस. स्क्रीनवर केशरी पडदा उमटतो आणि त्याच्या मधोमध, जिथून माणूस अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो, तिथे वयामुळे साचलेले पिवळे ठिपके. तू स्क्रीनला नाक लावून बघतेस आणि चक्क खूश होतेस, कारण रोग तुझ्या ओळखीचा निघाला. "पिवलंच हाय की! शेजारनीला लेझर मारला तसा मला मार." शेजारणीला मधुमेह होता, तिचा लेझर डोळ्यातल्या गळक्या रक्तवाहिन्यांसाठी होता. मी कोणालाही समजावते तसं तुला समजावलं. लेझरने हे ठिपके विरतात, फोटो स्वच्छ येतो, पण जाणारी नजर त्याने थांबत नाही. शिवाय जाळलेल्या जागेचा धोका वेगळा. यातला एकच शब्द तू उचललास. "जालतात ना? मंग डागच झाला की. तुला मी दिला, आता मला तू दे." मी नाही म्हटलं. डॉक्टरही नाही म्हणाले. परतताना रिक्षावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात तू म्हणालीस, "तूच पढवलंस त्यांना. हाताचं उट्टं काढतेस डोल्यावर."

माझं बरोबर होतं, आजही आहे. आईवडिलांना घेऊन येणाऱ्या मुलांना मी आजही तेच सांगते. ते मान हलवतात, आभार मानतात. तुझ्यापुढे मात्र बरोबर असण्याचा मला कधीच उपयोग झाला नाही.

मग मधली नजर झिजत गेली आणि कडा तेवढ्या राहिल्या. मी तुला शिकवलं, ज्याला बघायचंय त्याच्याकडे सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ, म्हणजे तो दिसेल. तू पटकन शिकलीस. म्हावरेवालीच्या कानापलीकडे नजर लावून तिला सुनवायचीस, "हे बोंबील तुज्या लग्नातले काय गो?" आल्यागेल्या प्रत्येकासाठी तू मान तशी तिरकी करायचीस. माझ्याकडे मात्र सरळ, रोखून बघायचीस, म्हणजे मी तुला दिसायचेच नाही. मी एकदा विचारलं, असं का? "तुजं तोंड दिसत नाय, तेवडंच सुख." घरात पाहुणे होते. ते हसले. तूही हसलीस.

हे पत्र मी कुठे ठेवणारही नाही. तू असतीस तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पुढचा भाग मी गाळला असता.

जेवताना तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस. मी ताट घेऊन जरा डावीकडे सरकायचे, जिथे तुझी नजर उरली होती त्या बाजूला. एकदा भात कालवता कालवता तू म्हणालीस, "टिकली वाकडी हाय. कामाला अशीच जातेस? लोकांचे डोले तपासतेस ना?" मी आरशात पाहिलं. खरंच वाकडी होती. दुसऱ्या दिवसापासून मी ती मुद्दाम वाकडी लावून जेवायला बसू लागले. तुझी नजर तपासायला, असं मी स्वतःला सांगत असे. तू रोज ओरडायचीस, रोज नवी शिवी. मग एका दुपारी माझी टिकली पार भुवईला टेकली होती, आणि तू फक्त मीठ मागितलंस.