ओर्लाला कुणी निरोप दिला नाही

तुर्कू, मंगळवार

प्रिय फिंटन,

पवित्र मातेची कृपा तुझ्यावर आणि आपल्या घरावर असो.

मी सुखरूप पोचले. आपल्या लेकीच्या, ओर्लाच्याच खोलीत झोपते, म्हणजे भाडं वाचलं. कोंबड्यांचं दार संध्याकाळी आठवणीने लावतोस ना? खोकला कसा आहे?

ओर्लाची तब्येत छान आहे. सहामाही संपली, म्हणून काल तिच्या घरमालकीण औनेबाईंनी परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना निरोपाचं जेवण दिलं. इकेर नावाचा स्पॅनिश पोरगा हमसून रडायला लागला, तर बाई म्हणाल्या, "अरे, रडायचं ते जेवून रड. मासा गार होतोय!" मग प्रत्येक जाणाऱ्याला त्यांनी स्वतः विणलेले मोजे दिले, पोटाशी धरलं.

ओर्लाला मोजे दिले नाहीत. मला वाटलं, विसरल्या असतील. पण इकेर तिला म्हणाला, "माझी सायकल तूच ठेव गं. बर्फात धडपडू नकोस म्हणजे झालं." तिने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने ताटं उचलायला लागली.

फिंटन, जाणाऱ्यांत तिला कुणी धरलंच नव्हतं. मी मात्र दोघींची घरी परतायची तिकिटं काढून बसले आहे, गुरुवारची.

मला फार भीती वाटते. जपमाळ हातात घेते आणि प्रार्थनाच आठवत नाही. तिला अजून विचारलेलं नाही. विचारत नाही तोवर ती माझ्याबरोबर येते आहे.

तू तिच्या खोलीतली शेगडी आजपासूनच पेटती ठेव. कोळशाचा हिशेब मी मागणार नाही.

तुझीच,
डिंफना