गुरुवारची खुर्ची

मीडोब्रुक वसाहत, न्यूयॉर्क राज्य
१२ मार्च १८५२

प्रिय टॅबिथाताईस, धाकट्या ओबेडचा मनापासून नमस्कार. थंडीत तुझा गुडघा कसा राहिला? भावोजींचा खोकला गेला का? मी जिवंत आहे. (हे मुद्दाम लिहितो, कारण काल दुपारपर्यंत तशी खात्री नव्हती.)

आम्ही इथे का आलो ते केझायालाच ठाऊक. जग सुधारायला निघालेले एक व्याख्याते गावात आले, माझी ही बायको पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि दीड महिन्यात आमची गाय, आमचं घड्याळ आणि मी असे तिघेही वसाहतीची सामायिक मालमत्ता झालो. तक्रार नाही. कोंड्याचा पाव खातो, कॉफीशिवाय उठतो. इथल्या बायकांनी घागरे गुडघ्यापर्यंत कापून खाली विजारी घातल्या आहेत. केझाया तशा वेशात शिडीवर चढून सफरचंदाची झाडं छाटते, तेही मी (डोळे मिटून) सोसलं. पण गुरुवार सोसवत नाही. दर गुरुवारी जेवणानंतर सभेच्या दालनात मधोमध एक खुर्ची ठेवतात. ज्याची पाळी असेल त्याने तिच्यात बसायचं आणि बाकीच्या साठ जणांनी त्याचे दोष एकेक करून, अगदी प्रेमाने, तोंडावर सांगायचे. बसलेल्याने चकार शब्द काढायचा नाही. याने माणूस सुधारतो म्हणतात. मागच्या महिन्यात हायरम सुतार बसला होता. तो सुधारला की नाही ठाऊक नाही, पण तेव्हापासून घास चावण्याआधी तो सगळ्यांकडे बघतो.

रविवारी माझं नाव पुकारलं आणि माझी पाचावर धारण बसली. साठ जणांची भीती नव्हती गं! मी घोरतो, फावडं धुऊन ठेवत नाही, प्रार्थनागीत बेसूर गातो, हे मला ठाऊक आहे. भीती केझायाची. चौदा वर्षांच्या संसारात तिने माझ्याविरुद्ध ब्र काढलेला नाही. ती समाधानी आहे असं मी धरून चाललो होतो. आता वाटू लागलं, चौदा वर्षं साठवलेलं ती एका गुरुवारी बाहेर काढेल, आणि मला मध्ये 'अगं पण' म्हणायचीही सोय नाही! सोमवारपासून मी पाणी भरलं, चूल पेटवली, तिचे बूट पुसले.

"काय केलंयस?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग बूट का पुसतोयस?"

बुधवारी मी आजारी पडून पाहिलं, तर वसाहतीच्या मंडळाने दया येऊन खुर्चीत उशी घातली.

काल बसलो. घोरणं निघालं, फावडं निघालं. मी खुराड्यामागे लपून कॉफी पितो, तेही निघालं (म्हणजे कोंबड्यांखेरीजही कोणी बघत होतं). मग केझाया उठली. मी खालची उशी दोन्ही हातांनी धरली. ती म्हणाली, "ओबेड वाईट नाही. हात उगारत नाही, दारू पीत नाही. एवढंच, की मला काही विचारून तो उत्तरासाठी थांबला, असं चौदा वर्षांत एकदाही झालं नाही." आणि खाली बसली. फार लागलं, ताई.

बाकी सगळं ठीक. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
ओबेड

ता.क. पुढच्या गुरुवारी खुर्चीत केझाया आहे. बायको बसली की नवऱ्याने आधी बोलायचं असा नियम आहे, आणि दोषांबरोबर एक गुणही सांगावा लागतो, उदाहरणासकट. सकाळपासून कागद घेऊन बसलोय. त्यावर 'शिडीवर चढते' एवढंच आहे. तुम्ही दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, जग सुधारायचं तिच्या मनाने का घेतलं, सगळं परतीच्या टपालाने कळव. पत्र लिहिलं ते खरं याचसाठी. तिला मात्र कळू देऊ नकोस.

ता. ता. क. रस्त्यांवरच्या या चिखलात तुझं उत्तर यायला दहा दिवस लागतील, हे आत्ता लक्षात आलं. म्हणून जीव मुठीत धरून बागेत गेलो आणि शिडीखाली उभं राहून तिलाच विचारलं, "केझाया, तुला इथे बरं वाटतं का?" वरची कात्री थांबली. मी थांबलोय, ताई. कागद शिडीच्या पायरीवर टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. ती खाली उतरते आहे.