धसईचं बी

शहापूर,
जानेवारीतली एक गार सकाळ

प्रिय सतीशदादा आणि पल्लवीवहिनी यांना संघरत्नाचा सप्रेम जयभीम.

दादाचा गुडघा पुण्याच्या थंडीत फार कुरकुरत नसेल आणि वहिनींचं सकाळचं फिरणं अजून सुटलं नसेल, असं धरून चालते. इकडे आई-बाबा खुशाल आहेत. (हे वाक्य लिहून मी जरा थांबले. डिसेंबरात लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. आज खरं आहे. पत्र पेटीत पडेपर्यंत तरी खरं राहावं.) पाकिटावर पोस्टाचं तिकीट बघून घाबरू नका. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. आपल्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, आणि व्हॉट्सॲपवर काही आलं की बाबा ते मोठ्यानं वाचतात, मग ते कुणालाही आलेलं असो. खाजगी म्हणावी अशी एकच जागा आता उरली आहे, ती म्हणजे नाक्यावरची टपालपेटी.

सुरुवात तू पाठवलेल्या गीझरपासून झाली. मी तुला दोष देत नाही. (डायरीत मी आधी 'दोष' लिहिलं होतं, मग खोडून 'निमित्त' केलं. तरी खाडाखोड दिसतेच.) बाबांनी कसाऱ्याला नोकरीभर गाड्यांना घाट चढायला मागून इंजिन जोडलं. रिटायर झाल्यावर ती सगळी शिस्त त्यांनी अंघोळीच्या बंबात ओतली होती. पहाटे लाकडं फोडायची, बंब पेटवायचा आणि पाणी तापलं की आईला "लाइन क्लिअर!" म्हणून हाक मारायची. गीझर आला आणि हे सगळं एका बटणावर गेलं. बाबा दोन-तीन दिवस त्या बटणाकडे बघत बसले. मग त्यांनी अंगणात शेकोटी सुरू केली. गल्लीतले सगळे पेन्शनर मफलर गुंडाळून जमायला लागले. मला वाटलं, बरं झालं, बाबांना उद्योग मिळाला. आईलाही तसंच वाटलं. आमचं दोघींचं चुकलं.

कारण एका सकाळी लाकडं ओली निघाली, आणि बाबांनी पडवीतलं एक जुनं बारदान उचलून 'पालापाचोळा' म्हणून शेकोटीत टाकलं. आग अशी फुलली की सगळे दोन पावलं मागे सरले. आत काहीतरी तडतडायला लागलं. बाबा खुशीत म्हणाले, "बघा, वाळलेला माल कसा बोलतो!" तो माल म्हणजे आईच्या वालाच्या वाळक्या शेंगा होत्या. आजीनं लग्नात आईच्या ओटीत घातलेलं माहेरचं, धसईचं बी. आई ते दर वर्षी भातकापणी झाली की परसात पेरते, फाल्गुनात काढते, त्यातलंच पुढच्या वर्षाला ठेवते. अंगणवाडीची नोकरी, आपली दुखणी, घराचं बांधकाम, कशातही तिनं ते चुकवलं नाही. यंदा पाऊस लांबला म्हणून पेरणी तेवढी राहिली होती. आई चहा घेऊन बाहेर आली तोवर सगळी राख झाली होती. ती चहाचा ट्रे घेऊन तशीच आत गेली. सगळ्या पेन्शनरांना एकदम घरची कामं आठवली.

त्यानंतर अबोला. तुला आईचा अबोला माहीत आहे. पण लहानपणी निरोप न्यायला आपण दोघं होतो, आता मी एकटी. आणि मी पडले लायब्ररीत काम करणारी. जसं घेतलं तसं परत करायची सवय. आई म्हणायची, "सांग त्यांना, पाणी तापलंय, बटणानं तापलंय, कुणाचे उपकार नाय." मी शब्दन् शब्द पोचवायची. बाबा म्हणायचे, "तिला सांग, मी गार पाण्यानं करीन." तेही पोचवायची. त्यांनी खरंच तशी अंघोळ केली, आणि मग शिंका सुरू झाल्या. (शिंका निरोपात धरायच्या की नाहीत, यावर मी बराच विचार केला. शेवटी सांगितल्या.) दोन्ही बाजू जास्तच तापल्या, तेव्हा मला शंका आली की माझा प्रामाणिकपणाच तर आगीत तेल ओतत नाही ना? म्हणून एकदा मी पदरचं घातलं. बाबांना म्हटलं, "आई म्हणते, गार पाणी नका घेऊ, छातीत कफ होईल." बाबांचा चेहरा उजळला. ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "एवढी काळजी हाय तर तोंडानं बोल ना गो!" आईनं भाकरी थापता थापता माझ्याकडे बघितलं. "बाय, मी असं कधी बोलली?" दादा, मी सत्तेचाळीस वर्षांची बाई पिठाच्या डब्यामागे तोंड लपवून उभी होते.

त्या रात्री जेवताना आई ताटाकडे बघून एवढंच बोलली, "बी पायजे तर धसईत हाय. रामाकडे हाय." रामामामाच्या मुलाच्या लग्नानंतर बाबांनी धसईत पाऊल टाकलेलं नाही, हे तुला सांगायला नको. वहिनी, तुम्ही तेव्हा तुमच्या आईच्या आजारपणामुळे माहेरी होतात, म्हणून सांगते. लग्नपत्रिकेत खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणून लहान मुलांची नावं असतात ना, त्यात चिनू, मिनू आणि सोन्याच्या पुढे बाबांचं नाव, 'काळूराम', छापून आलं होतं. प्रेसवाल्याची चूक, निमंत्रकांतलं नाव घसरून खाली आलं. मामा मनापासून हसला. बाबा हसले नाहीत. तेव्हापासून आई माहेरी एकटी जाते, एकटी येते, आणि मुरबाडला बस बदलताना पिशवी धरायला कुणी नसतं, हे ती दर वेळी आल्यावर सांगते. पिशवी फार जड नसते. मला ते फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबा गायब! माकडटोपी, आईची जुनी शाल आणि छत्री पण. (जानेवारीत छत्री का, हे मी विचारलं नाही.) संध्याकाळी परत आले ते हातात नव्या तांदळाची पिशवी आणि रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन. झालं ते त्यांनी मला अंगणात, खालच्या आवाजात सांगितलं. पण ते खालच्या आवाजात बोलले की पलीकडच्या गल्लीपर्यंत जातं, त्यामुळे आईनंही ऐकलं. ते मामाच्या दारात उभे राहिले. टोपीतून फक्त डोळे आणि मिशी दिसत होती. मामा म्हणाला, "कोन पायजे? आमाला विमा नको." बाबांनी टोपी वर केली आणि म्हणाले, "वळखलं नाय? मी चिनू-मिनूच्या बरोबरचा." मामा खांबाला धरून हसला म्हणे. मग बाबाही हसले. त्यांचं हसणं चार-पाच वर्षांचं साठलेलं असणार, कारण मामीला वाटलं दोघं भांडतात, आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

आईनं रुमाल सोडला. बी हातावर घेतलं, एक दाताखाली धरून बघितलं. मी आणि बाबा परीक्षेला बसल्यासारखे उभे. ती म्हणाली, "आपलंच हाय. रामाच्या बियाला भुंगा लागला तवा मीच दिलेलं." मग बाबांकडे बघून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट, "ती टोपी काढा आता. चोर वाटता." बाबांनी टोपी काढली. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून परसात पेरणी केली. उशीर झाला होता, पण वाल उगवला. आता रोज सकाळी दोघं शेकोटीशी बसतात, आणि बाबा जळणाची प्रत्येक काडी आधी आईला दाखवून मग आत टाकतात.

बाकी सर्व ठीक. थंडीत जपा.

तुमची,
संघरत्ना

ता. क. पेरणीच्या दिवशी मी आईला फडताळातून मोरी साफ करायला राख आणायला गेले, तर बिस्किटांच्या जुन्या डब्यात राखेखाली वाल. तेच बी, निम्मं! मी डबा घेऊन आईकडे गेले. ती शांतपणे म्हणाली, "बी कधी एका जागी ठेवतात का गो?" मी म्हटलं, मग एवढे दिवस अबोला? ती म्हणाली, "राग खरा व्हता. पण राग आलाच हाय तर धसईची वाट तरी मोकळी होऊंदे, म्हटलं." बाबांना कळू द्यायचं नाही, अशी शपथ घेतली आहे. दादा, तुलाही सांगायला नको होतं. पण पत्रातून सांगणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं आहे.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बाबा डिंक आहे का विचारायला आले. (डिंक त्यांना नको होता.) जवळ बसून म्हणाले, "बाय, तिच्या डब्यातलं बी मला ठाऊक हाय. तिला राख चाळून कोण देतो दर वर्षी? मीच ना!" मी म्हटलं, मग धसईला गेलात कशाला? तर म्हणाले, "रुसलेल्या माणसाला परत जायला काहीतरी कारण लागतं. ते तिनं हातात दिलं. तिला मातर सांगू नको." आता माझ्याकडे दोन शपथा आहेत, एकाच डब्याच्या.

तिसरा ता. क., आणि पत्राचं खरं कारण हेच. वाल तयार झाला की रामामामा आणि मामी बिरडं खायला येणार आहेत. आई वाढेल, बाबा बीची गोष्ट सांगतील, मामा खांब शोधेल, आणि मी दोघांच्या मधे बसलेली असेन. माझा चेहरा तुला माहीत आहे. कृपा करून तुम्ही दोघं या. आईचं गुपित तू ठेव, बाबांचं वहिनी ठेवतील, आणि मला एकदा तरी निवांत जेवू द्या. येताना गीझरची पावती आणायला विसरू नका. बाबांना तो परत करायचा आहे, आणि बंब घासायला आईनं चिंच भिजत घातली आहे.