नळीतला अंगठा

अंबाला, ता. २ मार्च १९८६

ती. दादास, सदूचा सा. न. वि. वि.

आयेचं पत्र मिळालं. आपल्या धाकट्या जनीकडून लिहून घेतलंन. त्यात तुझं नाव नऊ वेळा आलंय. सातवी नापास माणसाला मोजायला वेळ असतो. माझं नाव एकदाच, तेही कशाला, तर दादाला परिषदेला मद्रासला बोलावलंय हे सदूस कळवावे म्हणून.

आठ वर्षं तू त्या सिलिकॉनच्या पाठी आहेस. जनी लिहिते, वाळूतनं काढलेल्या काळ्या चकत्या, त्यांच्यावर ऊन पडलं की वीज होते. भाट्याच्या समुद्रावर वाळूत लोळलो दोघंही, वाळू फळली मात्र तुला एकट्याला.

आता गंमत ऐक. गेल्या महिन्यात आमच्या काचेच्या कारखान्यात ऑर्डर आली. भट्टीत घालायची क्वार्ट्झची नळी, लांबी चार फूट, पत्ता रत्नागिरीच्या कॉलेजचा. खाली तुझी ती शेपटी काढलेली सही. मालक सरदारजी मला म्हणाले, तुझ्या गावचा दिसतो. मी म्हटलं, असेल कोण मास्तर. नळी मी केली. दोन दिवस ज्योतीपुढनं हललो नाही. तुझ्या प्रबंधात गाईडचे आभार असतील, वहिनीचे असतील. नळीवाल्याचे नसतील, पैज लावतो.

आयेचा सगळा लोभ तुझ्या वाटणीला गेलाय. त्यातला उरलासुरला इकडं पाठवावा.

तुझा
सदू


रत्नागिरी, ता. १९ एप्रिल १९८६

चि. सदूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

नळी पोचली. इतकी सरळ नळी माझ्या भट्टीला आजवर मिळाली नव्हती. तुझ्या हातची म्हणून आधी घरी नेली. आयेनं निरांजन लावून ओवाळलीन आणि जनीला हात लावू दिला नाहीन. तेव्हा तुझी मोजणी तिला सांगितली. म्हणाली, जवळ असलेल्याचं नाव तोंडात येतं, लांब असलेल्याचं पोटात राहतं.

आता काळजीचं. नळी बसवल्यापासून एक चकती धड निघालेली नाही. वीज धरतच नाही, गळून जाते. गॅस बदलला, पाणी बदललं, रात्रंदिवस डोकं खाजवलं. गाईड म्हणतात, गणपतीपर्यंत मोजमापं हाती आली नाहीत तर प्रबंध बाजूला ठेवा, भट्टी दुसऱ्याला देतो. आठ वर्षं अशी जातात की काय, असं वाटू लागलं होतं.

परवा भट्टी निववून नळी बाहेर काढली. आत, तोंडाशी, एक पांढरा डाग उमलला होता. क्वार्ट्झला उघडा हात लागला की घामातलं मीठ चिकटतं आणि तापल्यावर ठसा पांढरा होऊन वर येतो, हे मी तुला सांगायला नको. तेच मीठ चकत्यांत उतरून त्या नासत होतं. ठसा अंगठ्याचा होता. त्यावर आडवी रेघ. माझ्या स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या वाटणीचे नारळ सोलताना तुला कोयती लागली, ती रेघ मी कशी विसरेन?

गाईडना सांगितलं, हातमोजे न घालता मीच नळी उचलली. तुझ्या मालकांना काही लिहिलेलं नाही. चूक कशी झाली, तेवढं कळव.

माझा लोभ आहे तिथेच आहे, तू मोजायला मात्र बसू नकोस.

तुझा
दादा


अंबाला, ता. ४ मे १९८६

ती. दादास, सा. न. वि. वि.

चूक झाली नाही. मी केली. कारखान्यातला पहिला नियम, क्वार्ट्झला उघडा हात नाही. नळी पेटीत ठेवायच्या आधी मी मोजा काढला आणि आत अंगठा दाबला, जोर देऊन. वाटलं, दादाच्या भट्टीत आपणही असावं. आणि खोटं कशाला लिहू, एकदा तरी तुझं काहीतरी नासावं असंही वाटलं. आठ वर्षांचं नासेल हे नव्हतं वाटलं.

आणि तू काय केलंस? दोष अंगावर घेऊन मोकळा झालास. म्हणजे इथंही तूच मोठा! चांगल्या चार शिव्या हासडल्या असत्यास तर मला जेवण गेलं असतं.

सरदारजींना मीच सगळं सांगितलं. त्यांनी मोजे माझ्या तोंडावर फेकलेनी. सोमवारपासून मला टेस्टट्यूबच्या बाकावर बसवलंय, क्वार्ट्झला हात लावायचा नाही. त्याआधी एक नळी करू द्या म्हणून दारात बसून राहिलो. करू दिलेनी. एकावर एक दोन मोजे घालून केली, ऍसिडनं धुतली, उन्हाकडं धरून चारदा बघितली. आत माझं काही नाही. कापसात गुंडाळून कालच्या पार्सलनं रवाना केलेय. आयेला ओवाळायला देऊ नकोस, काजळी धरेल.

चकती धड निघाली की आधी आयेला सांग, मग मला. मला सवय आहे. पण सांग.

सही मला येते, तुला ठाऊक आहे. तरी खाली शाईचा अंगठा उठवतोय, रेघेसकट. नळीत नाही, तर निदान तुझ्या टेबलावर असू दे. लोभ ठेवायचा तर याच्यावर ठेव, आणि हा तापवू नकोस.

सदू