शेवटचा डबा जाईपर्यंत

मुंबई, मार्च १९९९

ती. आप्पा,
तुमच्या गौतमीचा जय भीम.

मी बरी हाय. जेवण वेळेवर मिळतं. फक्त झोप लवकर लागत न्हाई, इथं आपल्यासारखा रेल्वेच्या गाड्यांचा आवाज येत न्हाई ना. तुमचा गुडघा कसा हाय?

पिक्चरमधलं पहिलं काम झालं. फलाटावरून नवऱ्याला निरोप द्यायचा, त्याचा डबा गेला की वळायचं. मी वळलेच न्हाई. लहानपणी तुमच्या फाटकापाशी हेच शिकले ना, शेवटचा डबा जाईस्तोवर गेटमननं पाठ फिरवायची न्हाई. तवा वाटायचं, खिडक्यांतली माणसं मलाच बघायला आल्यात. शूटिंगलाही तसेच डबे सरकत गेले, स्वप्नात सरकावेत तसे. आता बोलणी बसणार, वाटलं. पण दिग्दर्शक म्हणाले, "हेच ठेवू."

साडीच्या कॅलेंडरवर माझा फोटो आला तवापासून तुम्ही अबोला धरला. मी दौंड सोडलं तवाही स्टेशनवर आला न्हाई. गाडीतून बघितलं, तर फाटकावर हिरवा झेंडा धरून उभे. म्हटलं, ड्युटी हाय, दुसरं काय.

काल आई फोनवर म्हणाली, त्या दिवशी तुमची सुट्टी होती. ती ड्युटी तुम्ही मागून घेतली होती.

तुमचीच,
गौतमी