तिसरीचं एक वर्ष

प्रिय सुमाच्या अज्जांना,

'प्रिय' वाचून हसू नका. एवढा संसार केला, कधी तोंडातून निघालं नाही. आता म्हणायला काय जातंय! रोज फोटोपुढं उदबत्ती लावून तुम्हाला सगळं सांगते, तर तुम्ही नुसतं बघत बसता. जिवंत होता तेव्हा निदान "हूं" तरी म्हणत होता. आज पोटात फार साठलंय, म्हणून सुमाच्या जुन्या वहीतली दोन पानं फाडून घेतली. तुमचं चौथीपर्यंतचं वाचन मला ठाऊक आहे, सोपंच लिहिते.

आपल्या नातीला, सुमाला, सरकारी नर्सिंगची जागा मिळाली नाही. आज यादी लागली. आणि त्यात तुमचा हात आहे!

रागावू नका, ऐका तर. पहिलीपासून दहावीपर्यंत खेड्यातच शिकलेल्या पोरांसाठी थोड्या जागा राखून ठेवतात. सुमाचे मार्क त्या जागेला पुरत होते की! पण दहाची दहा वर्षं खेड्यातली पाहिजेत, नऊ चालत नाहीत. आपल्या पोरीची नऊच आहेत. तिसरीला तुम्ही तिला धारवाडात नेऊन ठेवलीत न्हवं, मळमड्डीला, तुमच्या अक्काकडं?

का नेलीत ते मी विसरले नाही. तेव्हा आपल्या शाळेत वर्ग पाच आणि मास्तर एक. तो पण निम्मे दिवस मीटिंगला. तुम्ही लाकडाच्या अड्ड्यावरून हमाली करून आलात की विचारायचात, "आज काय शिकलीस ग?"

"तोंडावर बोट ठेवून बसलो, अज्जा."

"दिवसभर?"

"मास्तर आमच्या ओळीकडं आलेच नाहीत."

चार दिवस हेच ऐकलंत. पाचव्या दिवशी हमालीचा टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून शाळेत गेलात आणि दाखला मागितलात. मास्तर म्हणाला, "दाखला कशाला काढताय? नाव इथंच राहू दे, हजेरी मी लावतो. पोरं कमी झाली तर शाळा बंद करतील." गावातली चार घरं तसंच करत होती. नाव इथं, पोर शहरात. आज कागदावर त्यांच्या पोरांची दहाची दहा वर्षं खेड्यातली आहेत!

आणि तुम्ही? "पोरगी जिथं बसणार तिथंच तिचं नाव." चहात चोरून साखर घालून 'घातली नाही' असं माझ्या तोंडावर खोटं सांगणारा माणूस, शाळेत जाऊन हरिश्चंद्र झाला! पुढल्या वर्षी आपल्या शाळेत मास्तराच्या जोडीला एक बाई आल्या, तर परत रीतसर दाखला काढून पोरीला घेऊन आलात. तेव्हा मी तुम्हाला काय काय बोलले! "पोरीला काय म्हशीगत बाजारात नेता आणि आणता?" तुम्ही खाली मान घालून जेवत होता. ते बोलणं आता मला टोचतंय.

आता मी काय केलं तेही सांगते. तुम्हाला कळायच्या आधी मीच सांगितलेलं बरं.

ते खेड्याचं सर्टिफिकेट भरून घ्यायला मी आणि सुमा शाळेत गेलो होतो. त्यात दहा ओळी असतात, कुठली यत्ता कुठल्या गावात शिकली ते लिहायचं. सहावीपासनंच्या ओळी शेजारच्या खेड्यातल्या हायस्कुलानं आधीच भरून दिल्या होत्या, बाकीच्या आपल्या शाळेच्या हेडबाई भरत होत्या. पहिली, दुसरी. तिसरीपाशी पेन थांबलं. मी बाईंच्या कानाशी गेले. "बाई, तिथं पण आपलंच गाव घाला की. जुनं रजिस्टर कोण बघायला येतंय? उंदरांनी तरी शिल्लक ठेवलंय का बघा."

बाई हसल्या नाहीत. सुमाकडं बघितलं, परत कागदाकडं बघितलं. मग पेन टेकवलं. जीव आहे हो त्यांचा पोरीवर!

सुमा म्हणाली, "बाई, मळमड्डी लिहा."

मी तिला चिमटा काढला. तर म्हणते, "अज्जी, हे खोटं सापडलं तर बाईंची नोकरी जाईल. जोडीच्या बाईंची बदली झालीय, आता ह्या एकट्याच आहेत. शाळेला कुलूपच लागेल." आणि वर म्हणाली, "त्या वर्षी अज्जा दर रविवारी बसनं यायचा. हमालीच्या कपड्यात अक्काच्या घरात यायला लाजायचा, फाटकाबाहेर उभं राहून मला शेंगा सोलून द्यायचा. ते वर्ष नव्हतंच म्हणू?"

मी तुमचं ते वर्ष खोडायला निघाले होते आणि पोरीनं माझा हात धरला. आपलीच पोरगी, तरी लाज वाटली.

मग तालुक्याच्या ऑफिसात गेलो, खरा कागद घेऊन. तिथला क्लार्क तिसरीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "रूल हंगैती अक्का, नान एन माडली?" नियमच तसा, मी काय करू म्हणे! मी म्हटलं, "तम्मा, माझ्या धाकट्या भावा, एका वर्षात पोरगी शहराची होते होय? मग आमच्या गावाला एक वर्ष शहर करून दाखव की! तुमचा मास्तर नव्हता म्हणून पोरगी गेली. मास्तर तुम्ही दिला नाही आणि जागा पण तुम्हीच काढून घेता?" मागं रांगेतली माणसं हसली. क्लार्क पण हसला. पण सही केली नाही.

आज यादी बघून सुमा रडली नाही. "धारवाडच्या सरकारी कॉलेजात बी.एस्सी.ला जाते," म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. लई वेळ आलीच नाही. मीही हाक मारली नाही.

तुम्ही चुकला म्हणून लिहायला बसले होते. लिहिता लिहिता कळलं, तुमचं काही चुकलं नाही हो. पोरगी शिकावी म्हणून नेलीत आणि खरं होतं ते सांगितलंत. एवढ्याची शिक्षा कधी असते का? तुम्हाला लावली, ती आता पोरगी भोगतेय.

शाळेत परत पाच वर्ग आणि बाई एक. म्हणून मी बाईंना म्हटलंय, पहिलीची पोरं दुपारी माझ्याकडं द्या. सातवी पास आहे, अक्षरं तरी गिरवून घेईन! आणि दर सोमवारी गावातल्या बायका घेऊन, शाळेला दुसऱ्या बाई द्या म्हणून, त्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसणार. पहिल्या सोमवारी तिघी येतो म्हणाल्यात. क्लार्क परत हसू दे, चालतंय.

एवढं वचन देते तुम्हाला. शाळेत दुसऱ्या बाई आल्याशिवाय मी तिकडं येत नाही. बोलावू नका.

तुमचीच,
तोंडाळ गंगू